गणकयंत्र आणि मुकादमाचा शब्द

‘घर पाहावे बांधून अन् लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. या दोनच कामांची त्यांनी जोडी का लावली असावी? दोन्हींत खर्च अफाट, हे तर खरेच. पण माझ्या मते त्याहून मोठे साम्य निराळे आहे. दोन्हींत शंभर कामे एकमेकांत गुंतलेली असतात आणि एक अडले की दहा अडतात. फरक इतकाच, की लग्नाचा मुहूर्त सहसा टळत नाही आणि घराचा ताबा सहसा वेळेवर मिळत नाही!

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात बांधकामांची वेळापत्रके आखणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय. लोक विचारतात, “तुम्ही वीट रचत नाही, नकाशा काढत नाही, मग दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढे बसून करता तरी काय?” प्रश्न रास्त आहे. कर्ज काढून ज्याने फ्लॅट नोंदवला आहे, त्या प्रत्येकाला त्याचे उत्तर उपयोगी पडेल. म्हणून ते जरा सविस्तर देतो.

हिशेब सवडीचा

चाकणला कारखान्याची एक शेड उभारायची आहे, असे समजा. काम १ फेब्रुवारीला सुरू. पायाला ३० दिवस लागतात. लोखंडी सांगाडा दुसरीकडे तयार होऊन यायला ६० दिवस. त्याच्या उभारणीला २५, छताला २० आणि छताखाली काँक्रीटची जमीन करायला आणखी २०. पाया आणि सांगाडा ही कामे बरोबरच चालतात. तेव्हा बेरीज झाली १२५ दिवस. दुसऱ्या बाजूला विजेचा ट्रान्सफॉर्मर. मागणी नोंदवल्यापासून तो यायला १२० दिवस, जोडायला १५. एकूण १३५.

म्हणजे कारखाना सुरू होणार १३५ दिवसांनी. जागेवर जाल तर सारी धूळ आणि आरडाओरडा पायापाशी. मालकही तिथेच उभे राहून मुकादमाला फैलावर घेत असतात. पण पायाला चांगली ४० दिवसांची सवड आहे! तो आठ दिवस रेंगाळला तरी काही बिघडत नाही. उलट ट्रान्सफॉर्मरचा कागद कुणाच्या टेबलावर सहीवाचून आठ दिवस पडून राहिला, तर कारखाना नेमका आठ दिवस उशिरा सुरू होतो. त्या कागदाची धूळ मात्र कुणाच्या डोळ्यांत जात नाही.

कामांच्या ज्या साखळीत मुळीच सवड नाही, तिला आमच्या धंद्यात ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. कामाची नाडी तिथे असते. आणि ही नाडी जागा बदलते, हीच खरी गंमत! छताचे काम १२ दिवस लांबले, की पहिली साखळी १३७ दिवसांची होते आणि नाडी तिकडे सरकते. शिवाय ठरल्याप्रमाणे चालले तर छत मेच्या मध्याला पुरे होते. ते तीन आठवडे लांबले की मृग दारात उभा!

सहा-सात कामे असतील तर हा हिशेब बोटांवर जमतो. मोठ्या बांधकामात कामे हजारांनी असतात आणि आकडे रोज बदलतात. तिथे गणकयंत्र लागते. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास ही रीत बसवली, ती रासायनिक कारखान्यांच्या उभारणीसाठीच. आणि तिचा हिशेब युनिव्हॅक या यंत्राकडून करवून घेतला. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना १९५४ साली स्थापन झाला, तेव्हा ही रीत जन्मालाही आली नव्हती.

पडद्यावरची मेट्रो

आता आपल्या गावातलेच उदाहरण घेऊ. नागपूर आणि पुणे येथील मेट्रोसाठी महामेट्रोने ‘पंचमिती’ पद्धत वापरली. लांबी, रुंदी, उंची या तीन मितींना काळ आणि पैसा या आणखी दोन जोडल्या. पडद्यावर तारीख पुढे सरकवावी, की तोवर किती खांब उभे राहायला हवेत आणि किती खर्च व्हायला हवा, हे दोन्ही समोर येते.

तरीही काळ काळाचे काम करतोच. २४ डिसेंबर २०१६ रोजी पुणे मेट्रोची पायाभरणी झाली. पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी हा टप्पा ६ मार्च २०२२ ला, सिव्हिल कोर्टापर्यंतचा १ ऑगस्ट २०२३ ला आणि स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. मधल्या काळात २०२० ची टाळेबंदी आली, मजूर गावी निघून गेले. खांब किती मागे पडले हे यंत्र सांगू शकते. परत गेलेला मजूर ते आणू शकत नाही.

नव्वद टक्के!

यंत्राची दुसरी मर्यादा अधिक नाजूक आहे. त्याला जे सांगाल ते ते खरे मानते. मोशीच्या बाजूला एका इमारतीचे काम मी पाहत होतो. तिथून सलग पाच आठवडे एकच निरोप येई, “काम नव्वद टक्के!” अखेर मी जागेवर जाऊन मुकादमाला बाजूला घेतले. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, गिलावा झाला, फरशी झाली. पण लिफ्टची ऑर्डरच अजून गेली नाही. मला कुणी विचारलंच नाही.” पडद्यावर आठवड्यानंतरचा ताबा दिसत होता, त्या एका वाक्याने तो काही महिने पुढे गेला. त्या इमारतीत घर घेणारे लोक भाडे आणि हप्ता दोन्ही भरत होते.

म्हणून, वाचकहो, एक सांगणे. रेरा कायद्यामुळे १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात बिल्डरला प्रकल्प पुरा करण्याची तारीख जाहीरपणे नोंदवावी लागते आणि दर तीन महिन्यांनी कामाची प्रगती महारेराच्या संकेतस्थळावर द्यावी लागते. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात राहतात आणि ते काढायला इंजिनिअर, आर्किटेक्ट व चार्टर्ड अकाउंटंट यांचे दाखले लागतात. ताबा लांबला तर व्याज मागण्याचा हक्कही आहे. हे सारे घरबसल्या पाहता येते. ते जरूर पाहा.

मात्र साइटवर गेलात की “किती टक्के काम झाले?” असे विचारू नका; त्याचे उत्तर नव्वदच येईल. लिफ्टची मागणी कोणत्या तारखेला नोंदवली, वीज आणि पाण्याच्या जोडणीचे अर्ज कधी गेले, भोगवटापत्रासाठी अजून काय बाकी आहे, हे विचारा. ज्या कामाला सवड नाही त्याची तारीख मागा. आणि जमल्यास दोन शब्द मुकादमाशीही बोला. यंत्राला जे कुणी सांगितलेले नसते, ते बहुधा त्याला ठाऊक असते.