अल दुहैलची श्रवणसंध्या

स्मरणिकेसाठी कतारचे प्रवासवर्णन लिहावे, असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा मी त्यांना स्पष्टच सांगितले की, त्या देशातील वाळवंट, उंच इमारती आणि बाजार यांचे वर्णन माझ्याहून चांगले करणारे पुष्कळ आहेत. मला सांगण्याजोगे जे घडले ते एका संध्याकाळी, एका बंद खोलीत, आणि तेही डोळ्यांना दिसण्याजोगे नव्हते. चिटणीस म्हणाले, "मग तेच लिहा, गुरुजी." तेव्हा वाचकहो, हा लेख पाहण्याचा नसून ऐकण्याचा आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

माझा धाकटा भाऊ दोह्याच्या एका हॉटेलात नोकरीस आहे. गतवर्षी डिसेंबरच्या शालेय सुटीत मी दुबईमार्गे त्याच्याकडे गेलो. जाताना हातातल्या पिशवीत, जाड मोज्यात गुंडाळलेली एक कॅसेट होती. तिच्यात माझ्या आजीचा आवाज आहे. १९८४ च्या जुलै महिन्यात, वाकवाच्या आमच्या जुन्या घरी, काकांनी फ्रान्सहून आणलेल्या यंत्रावर माझ्या वडिलांनी तो मुद्रित केला. आजी त्या वेळी ऐंशीच्या घरात होती. जाते तर आमच्या घरातून केव्हाच गेले होते. म्हणून रोस-कारीवर मसाला वाटता वाटता ती जात्यावरच्या ओव्या म्हणे. आईकडून तिला त्या मिळाल्या होत्या, आणि तिची आई कोकणातून लहानपणी जहाजाने मॉरिशसला आलेली.

त्या ओव्यांत एके ठिकाणी माहेराचा उल्लेख येतो आणि त्याच्या आधी एक शब्द. तो शब्द आमच्या घरात चाळीस वर्षे भांडणाचा विषय आहे. वडिलांना तेथे 'आंबा' ऐकू येतो. थोरल्या काकांचे मत, ती 'अंबे' अशी देवीला घातलेली साद. माझी आत्या मात्र आरंभापासून म्हणत आली की, ते गावाचे नाव आहे. आता ह्यात केवळ शब्दाचा प्रश्न असता, तर मी कॅसेट घेऊन समुद्र ओलांडला नसता. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिट्यांच्या आगमनाचे जे दप्तर जतन करून ठेविले आहे, त्यातील आमच्या पूर्वजाच्या नोंदीत जिल्हा रत्नागिरी हे स्वच्छ वाचता येते. गावाच्या जागी मात्र कोणा कारकुनाने, ऐकले तसे, इंग्रजी अक्षरांचे एक कडबोळे करून ठेविले आहे. त्याचा आरंभ 'आंब' असा होतो, एवढेच निश्चित. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेच कागद असतील. त्यांना अधिक सांगणे नको.

ही कॅसेट २०११ नंतर आम्ही लावली नव्हती. त्या वर्षी एका यंत्राने तिची वीतभर फीत गिळली. ती सोडवून, सरळ करून परत गुंडाळली. पण त्या दिवसापासून तिला हात लावण्याचे धैर्य कोणाला झाले नाही.

दोह्यास माझे एक स्नेही राहतात. मूळचे सांगलीचे, वायूच्या कारखान्यात अभियंते. जुन्या तबकड्यांच्या नादापायी आमची तीन वर्षे पत्रापत्री चालू होती. भेट मात्र कधी झाली नव्हती. त्यांचे घर अल दुहैल ह्या भागात आहे. शहराच्या उत्तरेकडची ही वस्ती. जवळच कतार विद्यापीठ, आणि ज्या क्लबाचे नाव फुटबॉलच्या शौकिनांनी ऐकले असेल त्या अल दुहैलचे मैदानही येथेच. उंच कुंपणाच्या भिंती, त्यांच्या आत वाळूच्याच रंगाची घरे, आणि रस्त्यावर माणूस विरळा. त्या दिवशी पाचच्या सुमारास बांधकामावरील कामगारांची एक बस आमच्यापुढून गेली. खिडक्यांना टेकलेली डोकी, बहुतेक झोपेत. करारावर परमुलखी गेलेल्या माणसांच्या वंशजाला ते दृश्य पाहून काय वाटले असेल, हे ह्या पुस्तिकेच्या वाचकांना समजेल. भावाने सांगितले की, २०२१ पासून येथे किमान वेतन हजार रियाल ठरले आहे. मी मनात आपल्या रुपयांत हिशेब केला आणि गप्प बसलो.

स्नेह्यांनी दारातच हात धरून आत नेले. वहिनींनी चहा आणि थालीपीठ पुढे केले. परंतु गृहस्थांचे सारे लक्ष आतल्या खोलीकडे! "गुरुजी, आधी ऐकू या, मग खाऊ," असे दोनदा झाले, तेव्हा वहिनीच म्हणाल्या, "जा बाई एकदाचे. त्या खोलीत गेल्याशिवाय ह्यांना पाहुणा आल्यासारखा वाटतच नाही."

खोली मोठी नव्हती. जमिनीवर जाड गालिचा, मागच्या भिंतीला तबकड्यांनी व पुस्तकांनी भरलेली फडताळे. समोर, भिंतीपासून चांगले चार-पाच फूट पुढे, दोन स्पीकर. हे स्पीकर पाहून माझी प्रथम निराशाच झाली. पेटीसारखे नाहीत, कर्णा नाही. जाळीच्या खोलीतापक यंत्रासारखे दिसणारे दोन बसके पडदे. इंग्लंडातील क्वाड कंपनीने १९५७ साली हा प्रकार विक्रीस आणला. त्यात नेहमीचा कागदी शंकू नसतो. दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मध्ये अत्यंत पातळ प्लास्टिकचा पापुद्रा ताणलेला असतो, त्याला काही हजार व्होल्टांचा भार दिलेला असतो, आणि गाण्याच्या विद्युल्लहरींनी तो पापुद्राच सबंध थरथरतो. शंकू जड, पापुद्रा जवळजवळ वजनरहित. म्हणून आवाज उमटण्यास आणि थांबण्यास विलंब लागत नाही. दोष इतकाच की, भारित पापुद्रा धूळ ओढून घेतो, आणि वाळवंटात धुळीला तोटा नाही. स्नेही दर आठवड्यास त्यांची निगा एखाद्या तान्ह्या मुलासारखी राखतात.

तबकडी फिरविण्याचे यंत्र स्विंडनच्या गॅरार्ड कंपनीचे, तेही १९५० च्या दशकातले. त्यावर ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्याही लावता येतात. येथे मी प्रथम माझे अज्ञान कबूल करतो. आजोबांच्या वीस-पंचवीस तबकड्या मी घरी एलपीच्याच सुईने वाजवीत आलो होतो, आणि त्यांतील खरखरीस १९७५ च्या जर्व्हेज वादळाचे पाणी कारण आहे, असे समजत होतो. स्नेह्यांनी भिंग देऊन चरा दाखविला. एलपीची सुई बारीक; जुन्या तबकडीच्या रुंद चरीत ती तळाशी जाऊन तेथला गाळ खरवडीत बसते. जुन्या चरीला सुमारे तिप्पट जाड टोकाची सुई लागते. ती बाजूंच्या भिंतींवर टेकते, आणि गाणे असते ते भिंतींवर. वादळाला मी विनाकारण दोष देत होतो.

मग त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी लाविली. मी ती शेकडो वेळा ऐकली आहे. पण कोणीतरी शेजारच्या घरात गात आहे, अशीच ऐकली आहे. येथे खाँसाहेब गालिच्याच्या पलीकडे बसले. स्वर लागण्यापूर्वीचा श्वास ऐकू आला. खरखर होतीच, परंतु ती गाण्यापासून वेगळी झाली होती, जसा माजघरातून पाहिलेला अंगणातला पाऊस. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. तेवढ्यात त्या पिढीच्या गायकांना आपली सारी विद्या बसवावी लागे, आणि १९२५ च्या सुमारास विजेचे मुद्रण येईपर्यंत तर तोंड कर्ण्याजवळ धरून ओरडल्यासारखे गावे लागे. त्या अडचणीने गाणे खुंटले, असे काही जाणकार म्हणतात. माझे मत उलट आहे. हल्ली तासभर चाललेल्या पुष्कळ रागांत जे मला सापडत नाही, ते त्या सव्वातीन मिनिटांत सापडते.

त्यानंतर केसरबाई केरकर. गोव्यातील केरी गावच्या ह्या गायिकेने मुद्रिका फार थोड्या दिल्या. पण त्यांची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर अवकाशात गेली. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबरला सुटले, आणि १६ सप्टेंबरला बाई निवर्तल्या. स्नेही म्हणाले, "ती तबकडी मिनिटाला सोळा आणि दोन तृतीयांश फेरे घेते, गुरुजी. तिकडे कोणाजवळ असले यंत्र असेल तर!" आणि आपल्या गॅरार्डवरून त्यांनी प्रेमाने हात फिरविला.

ह्या नादाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तरुण वाचक मला दोष देतील. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी जी जाड तार तेथे होती, तिची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराइतकी आहे. "तारेने गाणे अधिक मोकळे होते," असे स्नेही सांगू लागताच वहिनी दारातून म्हणाल्या, "मागच्या वर्षी हे कामावर असताना मी ती काढून साधी वायर लावली होती. आठ दिवस ह्यांना पत्ता नव्हता." गृहस्थ हसले, पण तार आजही तेथेच आहे. मला विचाराल तर खरी किमया सुईत, स्पीकरांच्या जागेत आणि त्या गालिच्यात होती. खोलीचे पडदे ओढून, वातानुकूलनाचे यंत्र बंद केल्यावर जो फरक पडला, तो फुकटचा होता.

मग कॅसेटची पाळी आली. माझे हात कापत होते, हे लपविण्यात अर्थ नाही. स्नेह्यांनी ती लगेच यंत्रात घातली नाही. प्रथम मागच्या कडेच्या दोन चिमुकल्या प्लास्टिकच्या पट्ट्या मोडून टाकल्या. त्या असताना चुकीचे बटण दाबले गेले की जुना आवाज पुसला जातो. चाळीस वर्षे आम्ही हा धोका पत्करीत आलो होतो. नंतर कवच पाहिले. ते स्क्रूचे नव्हते, डिंकाने चिकटविलेले. आतील लहानशी उशी, जी फितीला मुद्रकशीर्षावर दाबून धरते, ती गळून पडली होती. म्हणून पात्याने कवचाची शिवण हळूहळू कापली, फितीच्या दोन्ही चकत्या उचलून नव्या कवचात ठेविल्या, आणि पेन्सिलीने सारी फीत एकवार पुढे व एकवार मागे फिरविली. ह्यास पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात खोलीत कोणी बोलले नाही. २०११ ची चुरगळलेली वीतभर फीत निघाली, तेव्हा ती बोटांवर धरून ते म्हणाले, "येथे जाईल. पण तुटणार नाही."

कॅसेटचे यंत्र नाकामिची ह्या जपानी कंपनीचे होते. ह्या कंपनीने १९८२ साली असे एक यंत्र काढले होते की, ते मुद्रकशीर्षाचा कल आपोआप जुळवून घेई. स्नेह्यांच्या यंत्रावर ते काम हाताने करावयाचे असते, आणि त्यांना तेच अधिक पसंत आहे. प्रकार असा की, शीर्षातील सूक्ष्म फट फितीच्या दिशेशी बरोबर काटकोनात हवी. काकांच्या स्वस्त यंत्राचे शीर्ष तिरपे असावे. तिरप्या शीर्षाने मुद्रित केलेली फीत सरळ शीर्षाच्या यंत्रावर लावली की वरचे सूक्ष्म स्वर मरतात. स्वर राहतो, व्यंजने जातात. चाळीस वर्षे आम्ही आजीची व्यंजने हरवून बसलो होतो.

शीर्षाचा कल जुळविण्यास सतत, बारीक, सळसळता आवाज हवा. तो आम्हाला आयताच मिळाला. आरंभी वडील "आलो, आलो" म्हणून यंत्र तपासतात, आणि त्यामागे पत्र्यावर वाकवाचा पाऊस पडत असतो. स्नेही बटण केसभर फिरवीत गेले. पाऊस आधी चादरीखाली होता; मग चादर निघाली आणि थेंबन्‌थेंब सुटा झाला. त्यांनी बटण सोडले. संगणकावर प्रत उतरविणे चालू केले, कारण फीत दुसऱ्यांदा वाजेल याची हमी नव्हती. आणि आजी आली.

तिच्या दातांतली फट ऐकू आली, एवढेच सांगतो.

तो शब्द आला आणि वरवंट्याच्या घासणीत शेवट बुडाला. आंबा नव्हे, अंबे तर नव्हेच. शेवटी व्यंजन होते. प्रत मिळाल्यावर तेवढाच तुकडा आम्ही पुनःपुन्हा ऐकला. वहिनी देवरुखकडच्या. त्या दाराशी उभ्या होत्या, म्हणाल्या, "आंबव. आमच्या संगमेश्वर तालुक्यातच आहे." स्नेह्यांना 'आंबेड' ऐकू आले, आणि आंबेडही त्याच तालुक्यातले; बुद्रुक आणि खुर्द अशी दोन. पती-पत्नींचा त्यावर वाद झाला. मला एकदा हे वाटे, एकदा ते. थालीपीठ थंड होऊन गेले.

त्या रात्री वहिनींनी देवरुखच्या आपल्या मामांना आमचे आडनाव कळविले. ह्या गावांत त्या नावाचे घर आहे काय, एवढे विचारावयास सांगितले. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.

वाकवास परतल्यावर मी वडिलांना ती प्रत ऐकविली. आमच्याजवळ क्वाड नाही. मुलाच्या शाळेसाठी घेतलेला साधा स्पीकर होता. शब्दाच्या जागी मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांचे तिकडे लक्षच नव्हते. त्यांनी मला आरंभ पुन्हा लावावयास सांगितला, आणि डोळे मिटून म्हणाले, "त्या दिवशी असाच पाऊस होता. मी तिला म्हटले होते, पाऊस थांबू दे, मग घेऊ. ती थांबली नाही."