लहान रिव्हॉल्व्हर, मोठं काडतूस

गेल्या व्याख्यानात आपण रिव्हॉल्व्हरची रचना पाहिली. नंतर जे प्रश्न आले त्यातले बरेचसे, आणि विशेषतः अमेरिकेत राहणाऱ्या श्रोत्यांचे, एकाच गोष्टीभोवती फिरत होते. खिशात मावणाऱ्या पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरवर '.३५७ मॅग्नम' असं कोरलेलं असतं. मग त्यातून मॅग्नम झाडावं का? दुकानदार म्हणतो चालतं, मित्र म्हणतो हात मोडेल. आपण आज ह्यातलं खरं काय ते जरा सावकाश बघू.

आधी थोडा इतिहास, कारण गोंधळाचं मूळ तिथंच आहे. .३५७ मॅग्नम १९३५ साली बाजारात आलं. स्मिथ अँड वेसन कंपनीने ते आणलं ते आपल्या सर्वांत दणकट सांगाड्यावर, ज्याला त्यांच्या भाषेत 'एन' फ्रेम म्हणतात. काडतूस नव्याने घडवलं असं नाही. जुन्या .३८ स्पेशलची पुंगळी सुमारे एक अष्टमांश इंच लांब केली. लांबी वाढवली ती दारू जास्त मावावी म्हणून नव्हे, तर हे जहाल काडतूस जुन्या .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये चुकून बसूच नये म्हणून. उलट मात्र चालतं: मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ बसतं आणि उडतंही. दाबाचे आकडे पाहिले की फरक लक्षात येतो. अमेरिकन उद्योगाच्या मानकाप्रमाणे .३८ स्पेशलची मर्यादा दर चौरस इंचाला १७,००० पौंड, आणि .३५७ मॅग्नमची ३५,०००. म्हणजे दुपटीहून जास्त.

लहान 'जे' फ्रेमचं रिव्हॉल्व्हर १९५० चं, आणि ते .३८ साठीच बनवलेलं. त्यात मॅग्नम बसवायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. मग २००० नंतर स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि टायटॅनियमचं सिलिंडर आलं, आणि मॅग्नम झाडणाऱ्या रिव्हॉल्व्हरचं वजन साडेतीनशे ग्रॅमच्याही खाली गेलं. धातुशास्त्राच्या दृष्टीने ही कमाल आहे, ह्यात शंका नाही. पण धातू टिकला म्हणजे हात टिकला असं होत नाही.

आता गणित मांडू. शाळेत संवेग अक्षय्यतेचा नियम सगळे शिकलोय, तोच वापरायचा. १२५ ग्रेनची गोळी म्हणजे साधारण ८ ग्रॅम. दोन इंची नळीतून ती सेकंदाला ३६५ मीटरच्या आसपास निघते असं धरू. गोळीचा संवेग झाला ३. पण गोळीमागून दारूचा वायूही सुटतो. तो सव्वा ग्रॅमच असला तरी त्याचा वेग गोळीच्या तिप्पट, म्हणून त्याचे आणखी जवळपास १.४. एकूण ४.४. हे लोक विसरतात, आणि मॅग्नममध्ये नेमकी दारूच जास्त असते.

भरलेलं हलकं रिव्हॉल्व्हर ४०० ग्रॅमचं धरा. ४.४ ला ०.४ ने भागा: सेकंदाला ११ मीटर. म्हणजे हातात नसतं तर ते ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने मागे आलं असतं. ऊर्जा काढली तर २४ ज्यूल. हेच काडतूस सव्वा किलोच्या मोठ्या रिव्हॉल्व्हरमधून झाडलं, तर ऊर्जा ८ ज्यूलच्या आत. पाऊण किलोच्या पोलादी लहान रिव्हॉल्व्हरमधून १३. आणि त्याच ४०० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये साधं .३८ घातलं तर ९. बघा हं, हलक्या रिव्हॉल्व्हरमधलं .३८ हेच मोठ्या रिव्हॉल्व्हरमधल्या मॅग्नमइतका धक्का देतं! आकडे ढोबळ आहेत, काडतुसाप्रमाणे बदलतील, पण प्रमाण हेच राहील.

शिवाय मूठ लहान, करंगळीला धरायला जागा नाही, आणि नळी मुठीच्या बरीच वर. त्यामुळे धक्का सरळ मागे न येता रिव्हॉल्व्हर वर उसळतं आणि अंगठ्याच्या बेचक्यात घुसतं. रबरी मूठ लावली की फरक पडतो, पण मग ते खिशात अडकतं. दोन्ही बाजूंनी पंचाईत.

मग बदल्यात मिळतं काय? इथे दोन्हीकडचे लोक अतिशयोक्ती करतात. चार इंची नळीतून हीच गोळी ४४० मीटरच्या आसपास जाते. म्हणजे आखूड नळीत वेगाचा साधारण सहावा हिस्सा गेला. तरीही ती तशाच नळीतल्या .३८ पेक्षा बरीच वेगवान आहे. 'आखूड नळीत मॅग्नम म्हणजे नुसता आवाज' हे म्हणणं म्हणून खरं नाही. तोंडाशी जो आगीचा गोळा दिसतो तो मुख्यत्वे अर्धवट जळलेल्या वायूंना बाहेर हवेतला ऑक्सिजन मिळून पुन्हा पेट घेतल्याचा असतो. अंधारात डोळे दिपतात. आणि आवाज १६० डेसिबलच्या घरात, कानाला कायमची इजा करणारा. सरावाच्या मैदानावर कानात बोळे आणि वर कर्णरक्षक, दोन्ही हवेत.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळं सांगितलं तो. 'सराव .३८ वर करा, बाळगा मात्र मॅग्नम' हा सल्ला फार जुना. १९५५ मध्ये आलेलं मध्यम 'के' फ्रेमचं कॉम्बॅट मॅग्नम ह्याच समजुतीवर उभं होतं. ते सीमा गस्ती दलाच्या बिल जॉर्डन ह्यांच्या आग्रहाने बनलं. त्यांचा विचार असा की रोज कमरेला हलकं असावं, सराव बहुतेक .३८ वर व्हावा, मॅग्नम प्रसंगापुरतं.

५ एप्रिल १९७० च्या मध्यरात्रीच्या सुमारास कॅलिफोर्नियात न्यूहॉलजवळ महामार्ग गस्तीचे चार तरुण अधिकारी दोन सशस्त्र गुन्हेगारांशी झालेल्या चकमकीत मारले गेले. चार-पाच मिनिटांत. कारणं अनेक होती, एकट्या काडतुसावर खापर फोडणं बरोबर नाही. पण चौकशीत एक गोष्ट पुढे आली. काहींकडे मॅग्नम होतं, आणि प्रशिक्षण मात्र .३८ वर झालेलं. ज्या धक्क्याची, ज्या झोताची हाताडोळ्यांना ओळख नव्हती, तो जिवावर बेतलेल्या क्षणी सामोरा आला. पुढे त्या दलाने सगळ्यांसाठी .३८ च ठरवलं, आणि अमेरिकेतल्या इतर पोलीस दलांत जे बाळगायचं त्याच्यावरच सराव असा पायंडा पडत गेला.

आणि गंमत अशी, की हा पायंडा पडल्यावर दुसरंच दुखणं वर आलं. के फ्रेमची रिव्हॉल्व्हरं रोज मॅग्नम खाऊ लागली आणि नळीच्या मागच्या तोंडाशी, जिथे गोळी सिलिंडरमधून नळीत शिरते तिथे, तडे जाऊ लागले. तिथला धातू जागेअभावी खालच्या बाजूने तासलेला असतो. हलक्या, वेगवान गोळ्यांनी हे जास्त होई. उपाय म्हणून १९८० च्या सुमारास थोडा मोठा 'एल' फ्रेम निघाला. म्हणजे सवयीसाठी सराव करावा तर वस्तू झिजते, वस्तू जपावी तर सवय होत नाही. खिशातल्या रिव्हॉल्व्हरमध्ये हीच अडचण आणखी टोकाला जाते, कारण तिथे वस्तूच्या आधी माणूस थकतो. दहा-पंधरा गोळ्यांनंतर बहुतेकांचा हात चाप ओढण्याआधीच दचकायला लागतो, नेम खाली जातो. एकदा लागलेली ही दचक सुटायला फार वेळ लागतो.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. जे काडतूस तुम्ही महिन्याला पन्नास तरी न कुरकुरता झाडू शकता, तेच त्यात भरा. पोलादी लहान रिव्हॉल्व्हरमध्ये काहींना मॅग्नम जमतं. साडेतीनशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र चांगलं .३८ च भरावं. पाचांतली दुसरी गोळी लागायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून बघा, वाद तिथेच मिटेल. (आपल्याकडे परवान्यावर दिसणारी कानपूरची रिव्हॉल्व्हरं .३२ ची असतात. २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' अर्ध्या किलोचं, पण काडतूस मवाळ, त्यामुळे तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.)

तरी ज्यांना मॅग्नमच हवं त्यांच्यासाठी तीन-चार गोष्टी. टायटॅनियम सिलिंडरच्या काही रिव्हॉल्व्हरवर '१२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी नको' असं कोरलेलं असतं ते पाळा, नाहीतर सिलिंडरचं तोंड खरवडतं. .३८ बरेच झाडल्यावर सिलिंडरच्या घरांत काजळीचं कडं जमतं, त्यात लांब पुंगळी अडकते, म्हणून आधी ब्रश फिरवा. आखूड दांडा मॅग्नमची रिकामी पुंगळी पूर्ण बाहेर ढकलत नाही, तेव्हा नळीचं तोंड वर करून झटक्यात मारावं. सिलिंडर आणि नळी ह्यांच्या फटीपाशी अंगठा किंवा बोट कधीही नको, तिथून तापलेला वायू सुटतो.

शेवटचा प्रश्न विचारला गेलाय की हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस 'लांब होतं' म्हणजे काय. रिव्हॉल्व्हर झटक्यात मागे येतं, पुंगळी कडेला धरलेली असल्याने तीही मागे येते, पण आतली गोळी जडत्वाने जागीच राहू पाहते. पकड ढिली असेल तर ती थोडी पुढे सरकते. जास्त सरकली तर सिलिंडरच्या बाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरायचंच थांबतं. तपासणी सोपी आहे. पाच भरा, पाचव्या काडतुसाची लांबी आधी मोजून ठेवा, चार झाडा आणि पाचवं काढून पुन्हा मोजा. गोळी जागची हलली असेल, तर त्या बनावटीची काडतुसं त्या रिव्हॉल्व्हरमध्ये वापरायची नाहीत.