चित्रफितींचें दुकान

१९७७ सालीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरीं जॉर्ज ॲटकिन्सन नामक गृहस्थानें चित्रपटांच्या व्हिडिओ कॅसेटी भाड्यानें देण्यास आरंभ केला. तेथील कायद्याप्रमाणें, विकत घेतलेली कॅसेट भाड्यानें देण्यास निर्मात्याची अनुज्ञा लागत नाहीं. म्हणूनच अल्प भांडवलाचे लोकहि या धंद्यांत शिरले व ठिकठिकाणीं अशीं स्वतंत्र दुकानें निघालीं. गिऱ्हाइकाची आवड ओळखून एखादा विस्मृत चित्रपट त्याच्या हातीं देणारा दुकानदार हा एक प्रकारें ग्रंथपालच होय.

पुढें मोठ्या कंपन्यांच्या शाखा, टपालानें येणाऱ्या तबकड्या आणि २००७ नंतर इंटरनेटवरून घरबसल्या दिसणारे चित्रपट यांपुढें बहुतेक दुकानें टिकलीं नाहींत. लोकांची सोय झाली, हें आम्हांस मान्य आहे. परंतु कराराची मुदत सरतांच इंटरनेटवरील चित्रपट नाहींसा होऊं शकतो, फळीवरील कॅसेट मात्र राहते. सिॲटल येथें १९८८ सालीं निघालेलें ‘स्केअरक्रो व्हिडिओ’ हें दुकान २०१४ सालीं नफा न घेणारी सार्वजनिक संस्था झालें. तेथें एक लक्षाहून अधिक चित्रपटांचा संग्रह आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वाचनालयांतील जुन्या कपाटाकडे पाहतांना एवढें ध्यानीं ठेवावें कीं, जें आपल्या फळीवर आहे तेंच खरोखर आपलें आहे.