मुक्कामानंतरची शर्यत

तीनशे किलोमीटर सायकल हाणून आलेला माणूस मुक्कामी पोचल्यावर काय करेल? पहिली गोष्ट म्हणजे आडवा होईल. ज्यूल देलोफ्र कसरती करायचा. अंगावरची धूळही न झटकता तो जमलेल्या बघ्यांसमोर सायकलवरचे खेळ करून दाखवायचा, मग टोपी फिरवायचा, आणि टोपीत पडलेल्या चिल्लरीतून रात्रीची खोली व जेवण भागवायचा. उत्तर फ्रान्समधला हा गडी १९०८ ते १९२८ या काळात १४ वेळा टूर द फ्रान्सला उभा राहिला, आणि त्यातल्या सात वेळा शेवटपर्यंत पोचलाही.

आज टूर म्हटलं की संघाच्या बसगाड्या, मालिशवाले, स्वयंपाकी आणि रेडिओवर सूचना देणारे व्यवस्थापक डोळ्यांसमोर येतात. पण पहिली पस्तीसेक वर्षं या शर्यतीत कुणाचेच नसलेले स्पर्धक असत. आधी त्यांना ‘इझोले’ म्हणत, म्हणजे एकटे, सुटे. पुढे ‘तूरिस्त-रूतिये’ असं भारदस्त नाव मिळालं. त्याचा अर्थ साधारण ‘रस्त्याने जाणारे प्रवासी’ असा. त्यांना हौशी म्हणावं का, यावर नियमांचे जाणकार वाद घालतील, कारण बक्षिसाची रक्कम जिंकली तर ते ती घेत. माझ्यापुरती कसोटी साधी आहे. संध्याकाळच्या जेवणाचं बिल कोण भरतं? यांचं बिल हेच भरत.

सुरुवातीला तर बहुतेक सगळे याच जातकुळीचे होते. १९०३ साली ‘लोटो’ या दैनिकाचा खप वाढवायचा म्हणून संपादक आंरी देग्रांज याने ही शर्यत काढली. कल्पना त्याच्या हाताखालच्या तरुण पत्रकाराची, ज्येओ लफेव्हरची. नावनोंदणी इतकी थंड होती की मे महिन्यातली शर्यत जुलैवर ढकलावी लागली. प्रवेश फी २० फ्रँकवरून १० वर आली आणि पहिल्या पन्नास जणांना दिवसाला ५ फ्रँक भत्ता जाहीर झाला. तेव्हा कुठे १ जुलैला पॅरिसजवळ माँझेराँच्या एका कॅफेसमोर साठ जण उभे राहिले. पहिलाच टप्पा पॅरिस ते ल्यों, ४६७ किलोमीटरचा! सहा टप्प्यांनंतर २१ जण उरले. जिंकलेला मोरिस गाराँ कधीकाळी धुराडी साफ करणारा होता. शेवटच्या क्रमांकावरच्या आर्सेन मिलोशोला एकूण वेळेत गाराँपेक्षा ६४ तास ५७ मिनिटं जास्त लागली होती. हा मिलोशो मला गाराँइतकाच महत्त्वाचा वाटतो. जिंकण्याची आशा पहिल्याच रात्री संपलेली असताना उरलेले पाच टप्पे त्याने कशासाठी मारले असतील, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

सायकल कारखान्यांना जाहिरातीची किंमत कळली तसे पगारी स्पर्धक आले, आणि १९०९ पासून ‘इझोले’ हा वेगळा गटच झाला. गंमत अशी की रस्त्यावर नियम बहुतांशी सगळ्यांना सारखेच होते. मदत कुणाची घ्यायची नाही, मोडलं तर स्वतः दुरुस्त करायचं. १९१३ मध्ये पेजो कंपनीच्या पगारी यूजेन क्रिस्तोफचा पुढचा फोर्क तुर्माले घाटाच्या उतारावर तुटला, तेव्हा तोही सायकल खांद्यावर टाकून मैलोन्‌मैल चालला. एका लोहाराच्या भट्टीत त्याने स्वतःच्या हाताने फोर्क सांधला, आणि एका पोराने भाता मारला म्हणून वर दंडही खाल्ला. तर रस्त्यावर सगळे सारखेच कष्टकरी. फरक सुरू व्हायचा तो टप्पा संपल्यावर.

कंपनीच्या माणसाला खोली ठरलेली, जेवण ठरलेलं, मालिश करणारा हजर. सुटा माणूस मात्र चिखलाने माखलेला, पायात गोळे आलेले, अशा अवस्थेत अनोळखी गावात स्वस्त खाटेच्या शोधात फिरायचा. पोटाची सोय झाली की टायरचं काम निघे. त्या काळचे टायर नळीसारखे शिवलेले असत. दोन-तीन जादा टायर जानव्यासारखे खांद्यावरून आडवे घालून स्पर्धक निघत. पंक्चर झालं की वाटेत टायर बदलायचं आणि फाटकं जपून न्यायचं. मुक्कामी शिवण उसवायची, ट्यूबला ठिगळ लावायचं, पुन्हा सुई-दोऱ्याने शिवून टाकायचं. आपल्याकडे सोल्युशनची ट्यूब आणि कानस घेऊन बसलेला पंक्चरवाला आठवा, आणि त्याच्याच अंगात दिवसभराचे तीनशे किलोमीटर भिनलेत अशी कल्पना करा. चढ आला की खाली उतरून मागचं चाक काढायचं, उलटं करून दुसऱ्या बाजूचं दातेरी चक्र साखळीत घ्यायचं, ही कसरत वेगळीच. गिअर बदलणारं यंत्र टूरमध्ये सर्वांसाठी खुलं झालं थेट १९३७ साली.

आणखी एक बारीक हिशेब आहे. त्या वेळी दोन टप्प्यांच्या मधे बहुधा विश्रांतीचा दिवस असे. पगारी माणसाला तो वरदान. सुट्याला मात्र विश्रांती म्हणजे खोलीचं आणखी एका रात्रीचं भाडं.

पैसेवाला हौशी नव्हताच असं नाही. १९०७ साली आंरी पेपँ नावाच्या एका सुखवस्तू गृहस्थाने जाँ दार्गासी आणि आंरी गोबाँ या दोन कसलेल्या सायकलपटूंना पदरी ठेवून टूरमध्ये भाग घेतल्याची कथा सांगतात. तिघं रमतगमत चालायचे, चांगलं खानावळीचं ठिकाण दिसलं की उतरायचे, आणि एका टप्प्यावर पहिल्याच्या मागून बारा तासांनी उगवले. काही टप्प्यांनंतर पेपँने हौस पुरी झाल्याचं ठरवून दोघांचे पैसे चुकते केले. कथेला मीठमसाला लागला असणार, असं इतिहास लिहिणारेही म्हणतात. दार्गासी मात्र खराखुरा होता आणि व्यवसायाने लोहार होता.

सुट्या माणसांच्या वाट्याला क्वचित एखादा क्षण यायचा. २१ जुलै १९१० रोजी टूर पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच घाटांवर गेली. लुशों ते बायोन हा टप्पा ३२६ किलोमीटरचा होता. ओबिस्क घाटाच्या माथ्यावर आयोजकांची माणसं नामवंत ओक्ताव्ह लापीझची वाट बघत होती, आणि वर आला तो फ्रांस्वा लाफुर्काद, एक इझोले, ज्याला नीट ओळखतही नव्हतं कुणी. बोलायचं त्राण त्याच्यात नव्हतं. तो तसाच पुढे गेला. मागाहून धापा टाकत आलेल्या लापीझने आयोजकांना खुनी म्हटलं. इतिहासाने लापीझचा शब्द जपून ठेवला, टप्पाही त्यानेच जिंकला. गप्प राहिलेला लाफुर्काद तळटिपेत गेला.

१९१९ ची टूर महायुद्धानंतरची पहिली. रस्ते फुटलेले, टायर मिळेनात. पाच हजार पाचशे किलोमीटरच्या वर अंतर आणि अंतिम यादीत नावं फक्त दहा. दहावं नाव ज्यूल नांपों. सुट्यांच्या गटातून शेवटपर्यंत पोचलेला तो एकटाच, म्हणजे गटात पहिलाही तोच आणि शेवटचाही तोच.

इटलीत १९२४ साली उलटंच घडलं. पैशांवरून कंपन्या अडून बसल्या, म्हणून तिथल्या जिरो द’इतालिया या बहुदिवसीय शर्यतीच्या आयोजकांनी सुट्या स्पर्धकांसाठी दार उघडलं आणि त्या दारातून आल्फोन्सिना स्त्रादा आत शिरली. जिरोमध्ये पुरुषांबरोबर उतरलेली ती एकमेव स्त्री. पेरुजाकडे जाणाऱ्या टप्प्यात पावसा-वाऱ्यात पडून तिचं हँडल मोडलं. तिने झाडूचा दांडा बसवून काम भागवलं. वेळेच्या मर्यादेबाहेर पोचली म्हणून ती नियमाने बाद झाली. पण तिला बघायला रस्त्यावर गर्दी लोटत होती, आणि हे न कळण्याइतके आयोजक भोळे नव्हते. तिला गणतीबाहेर चालू ठेवायची मुभा मिळाली. नव्वद जण निघाले होते, तीस जण मिलानला पोचले, आणि त्यांच्याबरोबर तीही.

मला देग्रांजचं कोडं सुटत नाही. एकच माणूस शेवटपर्यंत पोचेल ती आदर्श टूर, असं त्याचं म्हणणं असल्याचं सांगतात. संघाने मिळून खेळण्याचा, एकमेकांना ओढून नेण्याचा त्याला मनस्वी तिटकारा होता. त्याला हवा होता रस्त्यावर एकटा झुंजणारा माणूस. तसे एकटे तर दर वर्षी डझनांनी त्याच्या दारात उभे होते. १९२६ ची टूर ५,७४५ किलोमीटरची, आजवरची सर्वांत लांब. तिच्यात १२६ जण निघाले, त्यातले ८२ तूरिस्त-रूतिये होते. बायोन ते लुशोंचा टप्पा रात्रीच्या अंधारातच सुटला. वर थंडी, पाऊस, गुडघाभर चिखल. विजेत्या लुसियँ बुइसलाच सतरा तासांहून अधिक लागले. अंधार पडला तरी कित्येक जण डोंगरातच, म्हणून आयोजकांनी शोधायला मोटारी धाडल्या; कुणी वाटेतल्या खानावळींत शेकत बसलेले सापडले. पॅरिसला पोचले एकूण ४१. देग्रांज या माणसांच्या बळावर आपलं रोजचं पान भरत होता, पण गौरवाचे रकाने कंपन्यांच्या नामवंतांसाठी राखून ठेवत होता. पोथी वाचणाऱ्याने पोथीतल्यासारखं वागणाऱ्याला देवळाच्या पायरीवर बसवावं, तसला हा प्रकार.

एकदाच पायरीवरचा गाभाऱ्यात पोचला. १९३० पासून कंपन्यांचे संघ जाऊन देशांचे संघ आले, पण सुटे स्पर्धक होतेच. १९३१ मध्ये काँ ते दिनां या दुसऱ्या टप्प्यावर नामवंतांना आधी सोडलं, तूरिस्त-रूतियेंना दहा मिनिटांनी. ऑस्ट्रियाच्या मॅक्स बुलाने ती दहा मिनिटं भरून काढली, पुढच्यांना गाठलं आणि टप्पाही जिंकला. त्या संध्याकाळी एकूण आघाडीवर असणाऱ्याचा पिवळा अंगरखा एका सुट्या माणसाच्या अंगावर होता. असं त्याच्याआधी घडलं नव्हतं, नंतरही नाही. अंगरखा एकच दिवस टिकला. पुढे त्याने आणखी दोन टप्पे जिंकले आणि एकूण पंधरावा आला.

१९३७ नंतर सुट्यांना प्रवेश बंद झाला. शर्यत नीटनेटकी झाली, वेगवान झाली, आणि खाट शोधत फिरणारी माणसं त्या गावांतून दिसेनाशी झाली.

हौशींच्या बहुदिवसीय शर्यती आता पुन्हा जोरात आहेत. आल्प्समध्ये २०११ पासून ‘ओत रूत’ भरते. आपल्याकडे २००८ पासून दक्षिणेत ‘टूर ऑफ निलगिरीज’ चालते, आठ दिवसांची, मधल्या काही पट्ट्यांत वेळ मोजणारी. पैसे आजही स्वतःचेच, फक्त ते आगाऊ भरायचे. सामान गाडीतून मुक्कामी पोचतं, खोली राखून ठेवलेली असते. निलगिरीत आठ दिवस सायकल मारून आलेल्या पुण्याच्या एका मित्राला मी घाटांबद्दल विचारत होतो. छत्तीस वळणांच्या कल्लट्टीबद्दल तो दोनच वाक्यं बोलला. बाकी सगळा वेळ सांगत होता ते संध्याकाळचं. पाय उचलत नाहीत अशा अवस्थेत बादलीत जर्सी आणि शॉर्ट्‌स पिळायच्या, खोलीतल्या पंख्याखाली खुर्चीवर पसरायच्या, रात्री दोनदा उठून उलटायच्या. निलगिरीच्या थंडीत त्या वाळत नाहीत. पहाटे तशाच ओल्या चढवायच्या आणि रांगेत जाऊन उभं राहायचं.