तोट्याचें भय आणि घरचा हिशेब

पैशाच्या व्यवहारांत मनुष्य बुद्धीनें चालतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नफा आणि तोटा आंकड्यांनीं मोजावयाचे; आंकड्यांना राग नसतो, लोभ नसतो; तेव्हां ज्यास हिशेब येतो तो सुशिक्षित मनुष्य येथें सहसा फसणार नाहीं, असें वाटणें साहजिक आहे. अनुभव मात्र निराळा आहे. बेरीज-वजाबाकी बिनचूक असूनहि निर्णय चुकतो, आणि तो कोठें चुकला हें चुकणाऱ्यास उमगतहि नाहीं.

एका गृहस्थांची कल्पना करावी. वर्षानुवर्षांच्या शिलकींतून त्यांनीं दोन कंपन्यांचे शेअर प्रत्येकीं एक लाख रुपयांस घेतले. पहिल्या कंपनीचा धंदा भरभराटीस आला व त्या शेअरांची किंमत दीड लाख झाली. दुसरीचा धंदा खालावत गेला आणि तिचे शेअर साठ हजारांवर उतरले. इतक्यांत मुलीच्या शिक्षणाकरितां साठ हजार रुपयांची निकड लागली. गृहस्थांनीं पहिल्या कंपनीचे शेअर विकण्याचें योजिलें. पत्नीनें विचारलें, “अहो, चांगल्या चाललेल्या कंपनीचे कशाला विकतां? ती दुसरी तर दिवसेंदिवस खालींच चालली आहे ना?” ते म्हणाले, “अग, चाळीस हजारांची खोट खाऊन विकूं म्हणतेस? भाव एकदां लाखावर येऊं दे, मग त्यांतून मोकळे होऊं.”

हें उत्तर सावधपणाचें दिसतें. ‘हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये’ ही म्हणहि त्यास साथ देते. कारण नफा हातीं आला आहे, तो पदरांत पाडून घ्यावा असें मन म्हणतें. परंतु वस्तुतः ते चाळीस हजार केव्हांच गेलेले आहेत. शेअर विकले तरी ते गेले, पेटींत ठेवले तरी ते गेलेलेच. विकण्यानें तोटा होत नाहीं. झालेला तोटा केवळ कबूल केला जातो. आणि मनास जड जातें तें हें कबूल करणेंच.

या मनोवृत्तीचा शास्त्रीय विचार डॅनियल काह्‌नेमन व आमोस ट्‌वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत केला. मनुष्य आपल्या एकंदर संपत्तीचा विचार न करतां मनांत एक खूण धरतो, आणि त्या खुणेच्या वर गेलें तें सुख व खालीं आलें तें दुःख असें मोजतो, हें त्यांनीं दाखविलें. शिवाय हें माप दोहोंकडे सारखें नसतें. शंभर रुपये मिळाल्याच्या सुखापेक्षां शंभर रुपये गेल्याचें दुःख पुष्कळच तीव्र असतें. ट्‌वर्स्की व काह्‌नेमन यांच्या पुढील अंदाजाप्रमाणें तें सुमारें दुप्पट भरतें. म्हणूनच नफा दिसूं लागला कीं मनुष्य भित्रा होतो आणि तोटा दिसूं लागला कीं धाडसी होतो. या संशोधनाबद्दल काह्‌नेमन यांस २००२ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ट्‌वर्स्की १९९६ सालींच निवर्तले होते.

ही केवळ प्रयोगशाळेंतील गोष्ट नव्हे. टेरन्स ओडीन या अमेरिकन संशोधकानें एका दलाली पेढीवरील दहा हजार खात्यांचे १९८७ ते १९९३ पर्यंतचे व्यवहार तपासून आपले निष्कर्ष १९९८ सालीं प्रसिद्ध केले. चढलेले शेअर लोक उतरलेल्यांच्या मानानें सुमारें दीडपट तत्परतेनें विकीत होते. पुढील एका वर्षांत मात्र विकून टाकलेल्या चढत्या शेअरांचें उत्पन्न राखून ठेवलेल्या उतरत्या शेअरांपेक्षां सरासरीनें शेंकडा सुमारें ३.४ अधिक झालें. मौज अशी कीं, डिसेंबर महिन्यांत हीच मंडळी उतरलेले शेअर खुशाल विकीत. कारण वर्षअखेर तोटा दाखविला असतां प्राप्तीवरील करांत सवलत मिळे. तोटा तोच, परंतु त्यास ‘करांतील बचत’ असें नांव मिळतांच तो सोसवूं लागला!

‘भाव परत येईल’ या आशेस मुंबईच्या इतिहासानें एक कठोर उत्तर देऊन ठेवलें आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरांत शहरास शेअरांचें वेड लागलें. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापूस उतरला आणि सारा डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांस विकण्याची पाळी आली. आणि १८६८ सालीं ती बँकच गुंडाळावी लागली. २,८५० हा आंकडा उराशीं धरून जो कोणी बसला असेल, त्यास वाट पाहावयास बँकहि उरली नाहीं.

यांत अंकगणिताचीहि एक खोंच आहे. लाखाचे साठ हजार होण्यास शेंकडा ४० घट पुरते. परंतु साठ हजारांचे पुन्हां लाख होण्यास शेंकडा ६६ हून अधिक वाढ व्हावी लागते. उतरण्याची वाट आणि चढण्याची वाट सारख्या लांबीची नसते.

याचा अर्थ उतरलेली प्रत्येक वस्तु विकून टाकावी, असा मात्र नव्हे. कंपनी भक्कम असून बाजाराच्या लहरीनें भाव पडला असेल, तर ती राखणें शहाणपणाचेंच. प्रश्न आहे तो राखण्याच्या कारणाचा. त्याची कसोटी सोपी आहे. आज हे शेअर घरांत नसते आणि त्यांऐवजीं साठ हजारांची रोकड असती, तर त्या रोकडींतून हेच शेअर घेतले असते काय? उत्तर ‘होय’ असेल तर खुशाल ठेवावे. उत्तर ‘नाहीं’ असेल, तर ते केवळ जुन्या खरेदीच्या आंकड्यासाठीं सांभाळले जात आहेत असें समजावें. दुसरा उपाय असा कीं, कोणतीहि खरेदी करतांना ती कां केली आणि काय घडलें असतां ती सोडावयाची, हें त्याच दिवशीं वहींत लिहून ठेवावें. कारण त्या दिवशीं मनास तोट्याची जखम झालेली नसते. आणि ती वही घरांतील दुसऱ्या शहाण्या माणसाच्या दृष्टीखालीं असावी.

त्या गृहस्थांच्या घरीं असें माणूस होतेंच. पत्नीनें ती खरेदी केलेली नव्हती. म्हणून लाखाच्या आंकड्याशीं तिचा अभिमान बांधलेला नव्हता, आणि कंपनीची आजची स्थिति तिला सरळ दिसली. बाजारास कोणाची खरेदीची किंमत ठाऊक नसते. ती फक्त खरेदीदाराच्या मनांत असते, आणि मनांतून पुसण्याचा अधिकारहि त्याचाच असतो. मुलीचें शिक्षण पुढील काळाचें आहे. त्याचा हिशेब मागील काळाच्या आंकड्यावर करूं नये.