ग्लो ऑफ होप (चित्र)

'ग्लो ऑफ होप' हे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांनी १९४५–४६ च्या सुमारास जलरंगात रंगविलेले चित्र आहे. ते म्हैसूर येथील जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकल्यावर १९०८ मध्ये त्यांनी मुंबईतच स्वतःची कलासंस्था काढली. या चित्रासाठी त्यांची कन्या गीता दिवा हाती घेऊन उभी राहिली होती.

चित्रात देवदेवता नाही, मंदिरही नाही. तरीही मराठी प्रेक्षकास तिन्हीसांजेची दिवेलागण चटकन आठवते आणि चित्राला भक्तिभावाचा स्पर्श लाभतो.

चित्रातील सारा उजेड एकाच ज्योतीचा आहे. ज्योत विझू नये म्हणून स्त्रीने तिच्याआड हात धरला आहे. रक्तातून निळा-हिरवा प्रकाश फारसा पार होत नाही, तांबडा होतो. म्हणूनच बोटांच्या कडा लालसर दिसतात. लहान ज्योतीपासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. त्यामुळे चेहरा उजळतो, पदराच्या खालच्या घड्या मात्र झपाट्याने काळोखात बुडतात. सतराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर याने 'सुतार संत जोसेफ' या चित्रात मेणबत्तीआडचा बाल येशूचा हात असाच पारदर्शक दाखविला आहे. पण ते तैलचित्र आहे.

हा फरक महत्त्वाचा आहे. तैलरंगात गडद थरावर शेवटी पांढरा रंग चढवून ज्योत उजळता येते. पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच उजेड; तो आरंभापासून राखावा लागतो, आणि एकदा काळवंडलेली जागा पूर्ववत होणे कठीण. एवढा दाट अंधार जलरंगात उतरविणे हे धाडसच होते.

हे चित्र पुष्कळदा राजा रविवर्मा यांचे तैलचित्र म्हणून सांगितले जाते. त्याच कलादालनात रविवर्मांची चित्रे असल्याने हा घोटाळा होत असावा. वस्तुतः रविवर्मा १९०६ मध्येच निवर्तले होते, म्हणजे हे चित्र रंगविले जाण्यापूर्वी सुमारे चाळीस वर्षे. छापील प्रतींखाली मूळ चित्रकाराचे नाव क्वचितच आढळते. ज्या घराघरांत त्या लागल्या, तेथे हळदणकर अनामिकच राहिले.