औषध सहा महिन्यांचें, नजर रोजची

मुलास क्षयाची बाधा आहे असें डॉक्टरांनीं सांगितलें कीं घरांतील वडील मंडळींच्या छातींत आजहि धस्स होतें. १९४३ सालीं अमेरिकेंत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागेपर्यंत हवापालट, विश्रांति व सकस आहार यांपलीकडे वैद्यकाच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें. आतां हा रोग औषधांनीं बरा होतो. मात्र तीं बहुधा सहा महिने नेमानें द्यावीं लागतात. आणि डॉक्टर मुलास महिन्यांतून एकदां पाहतात, तर आई व आजी दिवसांतून दहा वेळां. म्हणून औषधांचे अनिष्ट परिणाम प्रथम ओळखण्याची जबाबदारी घरावरच येते.

कशास भ्यावें व कशास भिऊं नये, हें आधीं समजून घ्यावें. रिफॅम्पिसिन सुरू होतांच लघवी नारिंगी होते. अश्रू व घाम यांसहि तो रंग चढतो. तें रक्त नव्हे. त्यासाठीं औषध बंद करणें म्हणजे रोगास आपण होऊन दार उघडणें होय. याच्या उलट, मुलाचें अन्नावरून मन उडालें, वारंवार उलट्या होऊं लागल्या, पोट दुखूं लागलें किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, तर यकृतास इजा होत असण्याचा संभव असतो. अशा वेळीं 'उष्णता झाली असेल' म्हणून काढे देत बसूं नये. पुढील मात्रेपूर्वींच, त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

एथॅम्ब्युटॉलनें क्वचित् दृष्टि मंदावते व तांबडा-हिरवा हा भेद कळेनासा होतो. लहान मूल तें सांगत नाहीं. त्याच्या खेळाकडे पाहावें. रंगीत मणी निवडतांना तें चुकतें काय? चित्रांचें पुस्तक नाकाशीं धरतें काय? आयसोनियाझिडनें कधीं कधीं हातापायांस मुंग्या येतात. त्यावर ब-६ जीवनसत्त्व देतात. मात्रा वजनावर ठरते, यास्तव दरमहा वजन करून घ्यावें.

भरल्या घरांत सर्वांनीं लक्ष ठेवावयाचें म्हणजे पुष्कळदां कोणीच ठेवीत नाहीं. हें काम एकाच व्यक्तीकडे सोंपवावें. तिनें औषध, भूक व तक्रार यांची रोज एका वहींत नोंद करावी आणि तपासणीस जातांना ती वही बरोबर न्यावी. दोन महिन्यांत मूल हसूं-खेळूं लागतें, आणि 'आतां पुरे झालें औषध' असें कोणी तरी म्हणतोच. तेव्हां वहींतील उरलेलीं पानें दाखवावीं. औषध अर्धवट सोडलें तर त्यास न जुमानणारे जंतु मागें उरतात, आणि मग त्याच मुलास अधिक कडक औषधें घ्यावीं लागतात. नजर ठेवावयाची ती औषध निर्विघ्नपणें पुरें व्हावें म्हणूनच.